विचार शिकवणारे पुस्तक



बोलणारे तोंड एक असले तरी आजचे भाषण आम्हां तिघां शिक्षकांचे आहे. मुलांना विचार करावयास कसे शिकवावे, याविषयी एक लहानसे पुस्तक आम्ही मिळून लिहीत आहोत. ते अद्याप पुरे झालेले नाही. का झाले नाही, हेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

आरंभी काम सोपे वाटले. धडे वाटून घ्यावे, लिहावे आणि एकत्र शिवून टाकावे, असा आमचा बेत होता. पहिला धडा भरती-ओहोटीचा घेतला. रत्नागिरीच्या मुलांना याहून जवळचा विषय कोणता? भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, असे आम्ही लिहिले आणि खाली तोच प्रश्न विचारून तेच उत्तर छापावयाचे ठरविले. वर्गात धडा वाचून दाखविला, तेव्हा एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती पुरी. मग रोजचा फरक ४५ मिनिटांचा झाला. खरे कोण, पुस्तक की आजोबा?"

त्या संध्याकाळी आमचे चांगलेच जुंपले. एकाचे म्हणणे, पुस्तकच खरे, तसे सांगून मोकळे व्हावे. दुसऱ्याचे म्हणणे, दर्यावर्दी माणसाच्या अनुभवाला खोटे ठरविणारे आपण कोण? तिसऱ्याने विचारले, "आपल्यापैकी कोणी कधी घड्याळ घेऊन पाण्याकडे पाहिले आहे काय?" कोणीच पाहिले नव्हते. समुद्राच्या काठी जन्म काढून आम्ही ऐकीव उत्तर मुलांना शिकवीत होतो!

मग मुलांना घेऊन मांडवीच्या जेटीवर पंधरा दिवस दिवसाउजेडी येणाऱ्या भरतीची वेळ टिपली. पहिली अडचण मुलांनीच काढली. पाणी वर येऊन थबकते, तेव्हा नेमके कोणते मिनिट धरावे? दुसरी गोष्ट त्यांना वहीत दिसली. रोजचा फरक सारखा नाहीच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तो कमी, अष्टमीच्या सुमारास जास्त. मग त्यांनी हिशेब मांडला. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत १५ तिथी आणि भरतीची वेळ सरकते १२ तास. म्हणजे तिथीमागे सरासरी ४८ मिनिटे. पाऊणपटीने सव्वाअकरा तासच भरतात, पाऊण तास कमी पडतो. पण होडी बाहेर काढणाऱ्याला तोंडी करता येईल असा हिशेब हवा असतो. अर्ध्या-पाऊण तासाने त्याचे फारसे अडत नाही. "खरे कोण?" या प्रश्नाचे "कोणत्या कामासाठी, आणि कितपत खरे?" असे रूप झाले. हे आम्ही शिकविले नाही. आम्ही फक्त उत्तर छापावयाचे थांबलो.

असा प्रयत्न करणारे आम्ही पहिले नव्हेत. १९७२ साली मध्य प्रदेशात, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत विज्ञान शिकविण्याचा एक मोठा उपक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो आरंभिला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ खेड्यातील गुरुजींच्या शेजारी बसले आणि 'बाल वैज्ञानिक' ही पुस्तके तयार झाली. त्यांत प्रयोग होते, प्रश्न होते. तयार उत्तरे नव्हती. धडा वर्गात करून पाहावयाचा, गुरुजींनी अडचणी सांगावयाच्या आणि धडा पुन्हा लिहावयाचा, अशी रीत होती. परीक्षेलाही पुस्तक उघडून बसण्याची मुभा असे. १९७८ साली हा उपक्रम जिल्हाभर पसरला, १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने तो सांभाळला आणि २००२ साली सरकारने तो बंद केला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबते, ही गोष्ट आम्ही विसरू शकत नाही. समाज पाठीशी नसेल तर उत्तम पुस्तकही शाळेत टिकत नाही.

लोकमान्यांची आख्यायिका आपल्या गावात कोणास ठाऊक नाही? 'संत' हा शब्द त्यांनी तीन प्रकारे लिहिला आणि मास्तरांनी एकच बरोबर धरला. ती गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. परंतु आपल्या घरातील मूल तसे हुज्जत घालू लागले, तर आपण काय म्हणतो? "गाईडात असेल तेच लिही, मार्क जातील." मार्कांची काळजी खोटी नाही, आम्हीही आईबाप आहोत. पण त्या काळजीपोटी मुलाचा प्रश्नच मारला, तर मागे उरते ते पाठांतर.

आमच्या धड्याखालचे उत्तर आता आम्ही खोडले आहे. तेथे वेळा टिपण्यासाठी पंधरा ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. उरलेले धडेही असेच भांडून आणि पडताळून लिहावयाचे आहेत, म्हणून उशीर होत आहे. तोवर आपणांस एकच विनंती. आज घरी गेल्यावर मुलाने काही विचारले, तर लगेच उत्तर देऊ नका. "चल, पाहू या," एवढेच म्हणा, आणि खरोखरच त्याच्याबरोबर जा.