दुखणं हाडातलंच होतं

आपल्या मुलखात उन्हाचा दुष्काळ पडेल असं कुणी म्हटलं तर आपण हसू. पण बंद खोलीत तो पडतो आणि बारा महिने टिकतो. स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर मानसिक आजारात माणूस बाहेर पडेनासा होतो. कधी भीतीमुळे, कधी मनाची उभारीच गेलेली असते म्हणून. आणि खरं सांगायचं तर कधी घरचेच लोकलाजेस्तव त्याला मागल्या खोलीत ठेवतात.

आमच्या नात्यात अशा एक खाला होत्या. ‘बेटा, हाडं ठणकतात,’ एवढंच म्हणायच्या. जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार घ्यायच्या. घरचे म्हणत, मनाचे खेळ आहेत. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी वाढवून दिली. पुढे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. ड जीवनसत्त्व मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली गेलं की कमतरता मानतात. खालांचा आकडा एकअंकी निघाला. ते नसलं की अन्नातलं कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात, मांड्यांतलं बळ जातं. दुखणं हाडातलंच होतं.

आम्हा कवींनी वेडावर पुष्कळ लिहिलं. वेड्याच्या गुडघ्यांवर लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

हे जीवनसत्त्व त्वचा उन्हात तयार करते. त्यासाठी लागणारे किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत. सकाळच्या कोवळ्या उन्हाचं आपल्याला कौतुक; पण त्यात ते फार थोडे असतात, सकाळी दहानंतर ते वाढतात. सावळ्या कातडीला वेळही जास्त लागतो. बुरखा असो की डोक्यावरून पदर, बायकांच्या वाट्याला ऊन आणखीच कमी. त्यात औषधांची भर. कार्बामाझेपिन हे फिट्सवरचं औषध मन स्थिर राखण्यासाठीही देतात. त्यानं शरीरातलं ड जीवनसत्त्व लवकर खर्ची पडतं. मनोविकारावरच्या काही गोळ्यांनी प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढून हाडं विरळ होतात. म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका, तो घात होईल. तपासणी मात्र मागा. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं अशा रुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच वागणूक मिळाली पाहिजे, असं म्हटलं आहे.

आता काहीजण म्हणतील, मग ड जीवनसत्त्व दिलं की वेड बरं होईल? नाही. ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच मनोविकाराचा झटका आलेल्या १४९ जणांना घेऊन एक चाचणी झाली. काहींना दरमहा १,२०,००० युनिट, काहींना नुसतंच तेल, असं सहा महिने दिलं. २०२१ साली निष्कर्ष आला : मनाच्या लक्षणांत फरक नाही. हाडांसाठी द्यायचं ते हाडांसाठीच. ६०,००० युनिटची पुडी शेजारणीला चालली म्हणून आपणही आठवड्याला घेत राहायचं, हे तर नकोच. रक्तात कॅल्शियम साचून मूत्रपिंडं बिघडतात. लिथियम घेणाऱ्यांनी जास्तच जपावं, त्यानंही कॅल्शियम वाढू शकतं.

ऊनही विचारूनच. क्लोरप्रोमाझिनसारख्या गोळ्यांनी कातडी लवकर भाजते. डॉक्टर हो म्हणाले, तर गच्चीवर पापड वाळत घालताना त्या मागल्या खोलीतल्या माणसालाही सोबत न्या. बाह्या वर करून थोडा वेळ बसू द्या. आणि पाय दुखतात म्हणाला, तर कुठं दुखतं ते विचारा.