प्रवास अर्ध्यावर राहिला तर : विमेदाराचा दावा आणि त्याची दाद



प्रवाशाच्या सुरक्षिततेचा विचार इंदूरकरांना नवा नाही. १७६७ ते १७९५ या काळात राज्यकारभार पाहणाऱ्या देवी अहिल्याबाई होळकरांनी दूरदूरच्या तीर्थक्षेत्री घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधून यात्रेकरूंची सोय केली, हे सर्वश्रुतच आहे. त्या मानाने दुसरी गोष्ट कमी परिचित आहे. याच माळव्यातील सावकारी पेढ्या वाटेवरील मालाची जोखीम ठराविक मोबदला घेऊन पत्करीत असत. सर जॉन माल्कम यांच्या १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात या व्यवहाराची नोंद आहे. ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार व्यापाऱ्यांत प्रचलित होता. माल सुखरूप पोहोचला तरच त्या हुंडीचे पैसे देय होत; माल बुडाला तर हुंडीही बुडाली. सारा करार एका कागदावर मावे आणि त्याचा अर्थ दोन्ही पक्षांना तोंडपाठ असे.

आजच्या प्रवास-विम्याची पॉलिसी पुष्कळदा तीस-चाळीस पानांची असते आणि ती वाचून प्रवासास निघणारा मनुष्य विरळाच. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचा व्यवसाय राष्ट्रीयीकृत झाला. पुढे १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण स्थापन होऊन खाजगी कंपन्यांनाही हे क्षेत्र मोकळे झाले. १५ जुलै २०१९ रोजी इंदूरहून दुबईस थेट विमान सुरू झाले आणि परदेश-प्रवासाची तिकिटे राजवाड्याच्या परिसरातील कुटुंबांतही सहज दिसू लागली. तिकिटाबरोबर विमाही येतो. तो कशासाठी घेतला हे मात्र संकट आल्यावरच शोधले जाते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रामबागेतील एक निवृत्त गृहस्थ पत्नीसह नऊ दिवसांच्या केरळ-सहलीस गेले. खर्च ९०,००० रुपये, सर्व आगाऊ भरलेला. चौथ्या दिवशी रात्री देवासहून दूरध्वनी आला की, काकू गेल्या. आईच्या पश्चात ज्यांनी या गृहस्थांना लहानाचे मोठे केले, त्याच या काकू. सकाळच्या विमानाने दोघे परतले. दिवस-कार्य आटोपल्यावर विमा कंपनीकडे दावा केला आणि तीन ओळींचे उत्तर आले : मृत व्यक्ती पॉलिसीतील व्याख्येनुसार ‘निकटचे कुटुंबीय’ नसल्याने दावा नामंजूर.

या गृहस्थांचा संताप कोणासही समजण्याजोगा आहे. तथापि विम्याचा करार नात्याचा ओलावा मोजत नाही. तो व्याख्या पाहतो. सहल मधेच आटोपती घेण्याबद्दलची भरपाई पॉलिसीत नमूद केलेल्या कारणांसाठीच मिळते. विमेदाराचा, सहप्रवाशाचा अथवा निकटच्या कुटुंबीयाचा मृत्यू किंवा गंभीर आजार ही त्यांतील नेहमीची कारणे होत. निकटचे कुटुंबीय म्हणजे बहुधा पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे आणि काही पॉलिसींत सासू-सासरे. काका, काकू, आत्या, मामा यांना त्या यादीत क्वचितच स्थान असते. आपल्याकडील एकत्र कुटुंबाची रचना लक्षात घेता ही व्याख्या तोकडी आहे, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. परंतु तोकडी व्याख्या ही बेकायदेशीर व्याख्या नव्हे.

मग या गृहस्थांना काहीच मार्ग नाही काय? आहे; पण त्यांनी प्रश्न निराळा विचारला पाहिजे. ‘काकू आईसमान होत्या’ हा मुद्दा कंपनीपुढे टिकणे कठीण. ‘ही व्याख्या मला विमा घेताना दिली होती काय?’ हा मुद्दा मात्र वजनदार आहे. ज्या अटी व अपवाद विमेदारास कळविलेच गेले नाहीत, त्यांचा आधार कंपनीस घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली मॉडर्न इन्शुलेटर्स या कंपनीच्या प्रकरणात म्हटले आहे. तेव्हा पॉलिसीची संपूर्ण प्रत केव्हा मिळाली, की केवळ एक पानी प्रमाणपत्र हाती आले, याचा पुरावा शोधणे हे या गृहस्थांचे पहिले काम. प्रत प्रवासापूर्वीच पोहोचली असेल, तर मात्र त्यांच्या पक्षाचे बळ बरेच कमी होते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता समजा, मृत्यू काकूंचा नसून वडिलांचा होता. नात्याचा वाद मिटला, तरी रकमेचा उरतोच. गृहस्थांनी सबंध ९०,००० रुपये मागितले, तर ते चूक. चार दिवसांची सहल त्यांनी उपभोगली आहे. न वापरलेल्या पाच दिवसांचे प्रमाणशीर मूल्य ५०,००० रुपये. त्यातून हॉटेलने १२,००० परत केले असतील, तर ते वजा. उरले ३८,०००. पॉलिसीत विमेदाराने स्वतः सोसावयाची रक्कम ३,००० रुपये असेल, तर देय आकडा ३५,००० होतो, अर्थात पॉलिसीतील कमाल मर्यादेच्या आत. कंपनीने १४,००० च मंजूर केले, तर ‘रक्कम फार थोडी आहे’ असे लिहून भागत नाही. हा हिशेब ओळीने मांडून कंपनीने कोणती रक्कम कोणत्या कलमाखाली वगळली, हे लेखी विचारावे लागते. पुष्कळ तंटे या एका पत्रानेच सुटतात, कारण हॉटेलचे अथवा विमानाचे पैसे परत मिळणार नाहीत असा दाखला जोडलेला नसणे एवढेच वजावटीचे कारण असते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र, मृत्यूचा दाखला, नव्या तिकिटाची पावती, विमानात बसल्याचा पास हे कागद परतीच्या गडबडीत हरवतात. परत फिरण्यापूर्वी कंपनीस कळविण्याची अटही पुष्कळ पॉलिसींत असते. दुःखाच्या प्रसंगी ती कोणाच्या ध्यानात राहणार, हा प्रश्न रास्त आहे; पण एक संदेश धाडण्याचे काम बरोबरच्या नातलगाकडे सोपविता येते.

थोडी रक्कम घेऊन ‘संपूर्ण व अंतिम भरपाई मिळाली’ अशा पावतीवर सही करून दिली, म्हणजे सारे संपले, असा एक समज आहे. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने अजमेरसिंग कॉटन मिल्सच्या प्रकरणात स्पष्ट केले की, अशी सही फसवणुकीने, दबावाने किंवा दिशाभूल करून घेतली असल्यास ती पुढील मागणीच्या आड येत नाही. मात्र तसे घडल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावरच पडते. रक्कम अमान्य असेल, तर सही करतानाच तसा लेखी निषेध नोंदविणे केव्हाही श्रेयस्कर.

दावा नाकारण्याचे आणखी एक परिचित कारण म्हणजे आधीचा आजार. २००९ साली एका प्रवाशाने अमेरिकेस जाण्यासाठी विमा घेतला आणि तेथील विमानतळावर उतरताच त्याला हृदयविकाराचा त्रास झाला. मधुमेह असल्याचे त्याने आधीच सांगितले होते. तरी कंपनीने पूर्वीच्या विकाराकडे बोट दाखवून खर्च नाकारला. राष्ट्रीय आयोगाने त्याची तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ६ डिसेंबर २०२१ रोजी त्याच्या बाजूने निर्णय दिला : विमेदाराने सांगितलेली प्रकृती जाणून घेऊन पॉलिसी दिल्यावर तीच प्रकृती पुढे करून दावा नाकारता येत नाही. या निर्णयाचा लाभ आजार सांगणाऱ्यास आहे, लपविणाऱ्यास नाही. अर्जातील रकाने दलालाकडून भरून घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

भीतीपोटी परतणाऱ्याचे काय? २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळील बैसरन येथे दहशतवाद्यांनी २६ जणांचे प्राण घेतले; त्यांत इंदूरचे एक रहिवासीही होते. त्यानंतर काश्मीरमधील अनेक पर्यटकांनी सहल सोडून घरची वाट धरली. त्यांचा निर्णय कोण अयोग्य म्हणेल? तरीही केवळ भयामुळे परतणे हे बहुतेक पॉलिसींत भरपाईचे कारण नसते. दहशतवादी कृत्य काही पॉलिसींत सरसकट वगळलेले, तर काहींत जादा हप्त्यावर समाविष्ट असते. अशा वेळी विमान कंपनीने वा हॉटेलने दिलेली सूट हाच प्रवाशाचा खरा आधार ठरतो.

रेल्वेचा प्रवास-विमा याहून साधा आहे. ऑनलाइन तिकिटाबरोबर अगदी अल्प दरात मिळणारा हा ऐच्छिक विमा १ सप्टेंबर २०१६ पासून नव्या स्वरूपात सुरू झाला. मृत्यू आल्यास १० लाख रुपये, अशी त्याची तरतूद आहे. सहल मोडल्याची भरपाई त्यात नाही. त्यानंतर तीन महिने होतात न होतात तोच २० नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे इंदूरहून निघालेली पाटण्याची गाडी कानपूर देहात जिल्ह्यातील पुखरायाँ येथे रुळांवरून घसरली आणि सुमारे १५० प्रवासी मृत्युमुखी पडले. हा विमा तिकिटाच्या वेळी खूण करून घेता येतो, पण वारसाचे नाव नंतर येणाऱ्या दुव्यावर स्वतंत्रपणे नोंदवावे लागते. ते न नोंदविल्यास कुटुंबास आपला वारसाहक्क कागदोपत्री सिद्ध करीत बसावे लागते, आणि तेही कोणत्या घडीला!

कंपनी बधत नसेल, तर पुढील पायरी. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. एक महिन्यात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. मध्य प्रदेशासाठी हे कार्यालय भोपाळ येथे आहे. तेथे शुल्क नाही, वकिलाची आवश्यकता नाही आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज पोहोचला पाहिजे. दुसरा मार्ग इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदारास स्वतः राहतो त्या ठिकाणी तक्रार दाखल करण्याचा अधिकार दिला आहे. त्यामुळे कंपनीचे मुख्यालय मुंबईस असले तरी विमेदाराने मुंबई गाठण्याचे कारण नाही. भरलेला हप्ता ५ लाख रुपयांच्या आत असल्यास तक्रारीस शुल्क नाही. प्रवास-विम्याचा हप्ता त्या आकड्याच्या आसपासही जात नाही. मुदत दोन वर्षांची. आयोगापुढे प्रकरण चालू असताना तेच घेऊन लोकपालाकडे जाता येत नाही, म्हणून आधी भोपाळ की आधी इंदूर याचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा. रक्कम लहान आणि वाद केवळ कागदांचा असेल, तर भोपाळचा मार्ग बहुधा जवळचा पडतो. मनस्तापाबद्दल स्वतंत्र भरपाई मागावयाची असेल, तर मात्र आयोगाकडेच जावे. दोन्ही ठिकाणी नकाराच्या पत्राची प्रत प्रथम मागितली जाते; दूरध्वनीवरून मिळालेला नकार कोणत्याच दप्तरात नोंदला जात नाही, यास्तव तो कंपनीकडून लेखी मागून घ्यावा.