तीन उशा आणि ९१ चा आकडा

लोकलमध्ये असाल तर हेडफोन लावा, आज जरा घरातला विषय आहे.

मी नर्स आहे. गेल्या वर्षी डोंबिवलीच्या माझ्या मामांना स्ट्रोक आला, डावी बाजू गेली. घरी आणल्यावर एका रात्री मामेभावाचा फोन. "ताई, ऑक्सिमीटर ९१ दाखवतोय. एरवी ९५ असतो. तीन उशा दिल्यात की गं डोक्याखाली!"

म्हटलं, व्हिडिओ कॉल कर.

बघते तर मामा पलंगावर पार खाली घसरलेले. हनुवटी छातीला टेकलेली, पोट दुमडलेलं. अशा वेळी श्वासपटलाला खाली सरकायला जागाच मिळत नाही, फुप्फुसाचा खालचा भाग फुलत नाही. उशांनी डोकं उचललं होतं, छाती नाही!

मामींना बोलावलं. पलंग भिंतीला चिकटलेला, आपल्याकडच्या वन रूम किचनमध्ये असतो तसाच. आधी तो ओढला. मग पाठीखालची चादर दोन्ही बाजूंनी धरून मामांना वर सरकवलं. लुळा हात धरून अजिबात ओढायचं नाही हं, खांदा निखळतो. कमरेपासून वर गोधड्यांचा उतार केला, डाव्या हाताखाली एक उशी. थोड्या वेळाने आकडा ९४.

आता लगेच सगळ्यांना उठवून बसवू नका. २०१७ मध्ये हेडपोस्ट नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ११ हजारांवर पेशंट, त्यात भारतातलेही. पहिले २४ तास सपाट झोपवा की डोकं ३० अंश वर ठेवा, पुढच्या अपंगत्वात फरक पडला नाही. म्हणजे सुरुवातीला कसं ठेवायचं ते डॉक्टरच सांगणार. २००४ च्या एका आढाव्यात मात्र दिसलं होतं की ज्यांची छाती आधीच कमजोर, त्यांचा ऑक्सिजन झोपल्यावर कमी होऊ शकतो आणि खुर्चीत बसल्यावर सुधारू शकतो. पुरावा थोडाच होता, पण मामांनी आयुष्यभर बिड्या ओढल्यात, म्हणून मला तो आठवला.

मला खरी भीती वाटते ती आडवं ठेवून चमच्याने चहा पाजण्याची. गिळणं बिघडलेलं असतं, घोट श्वासनलिकेत जातो, न्यूमोनिया होतो. गिळणं तपासून घ्या, ताठ बसवून भरवा, नंतर अर्धा तास तसंच बसू द्या.

आणि बोट गार असेल, नखाला गडद नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो. पण धाप लागली, ओठ निळसर झाले, गुंगी आली किंवा आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेच्या खालीच राहिला, तर उशा हलवत बसू नका. थेट १०८.

मामा आता रोज सकाळी हाताच्या खुर्चीत बसतात. मामी पाठीला उशी लावतात आणि आधी हनुवटी बघतात.