‘कळले नाही’ म्हणण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला सर्वांना रुचेल असा सोपा विषय घ्यावा, असा संकेत आहे. मी मात्र आज एका अवघड चित्रपटाविषयी, त्यातही तो पाहून लोक काय म्हणाले याविषयी, बोलणार आहे. विषय दूरच्या रशियातला आहे. पण त्याचा धागा आपल्या ओसरीपर्यंत येतो.

चित्रपटाचे नाव ‘आरसा’. रशियन भाषेत ‘झेर्कालो’. दिग्दर्शक आंद्रेई तार्कोव्स्की. १९७५ साली तो तेव्हाच्या सोव्हिएत रशियात प्रदर्शित झाला. त्याची गोष्ट सांगा म्हटले, तर सांगणाऱ्याची पंचाईत व्हावी. एक मध्यमवयीन पुरुष आजारी आहे. त्याचा आवाज ऐकू येतो, चेहरा दिसत नाही. त्याला बालपण आठवते, नवऱ्याने सोडलेली आई आठवते, दुरावलेली बायको आठवते, मध्येच युद्धाची खरीखुरी दृश्ये येतात. आई आणि बायको या दोन्ही भूमिका मार्गारिता तेरेखोव्हा या एकाच नटीने केल्या आहेत. त्यामुळे प्रेक्षक आणखीच गोंधळतो.

यातले पुष्कळसे दिग्दर्शकाच्या घरचे होते. त्याचे वडील आर्सेनी हे कवी. मुले लहान असतानाच ते घर सोडून गेले. आईने मॉस्कोच्या छापखान्यात मुद्रितशोधकाची नोकरी करून मुलांना वाढवले. चित्रपटात एक प्रसंग आहे. आपल्या नजरेतून भलतीच चूक सुटून छापली गेली की काय, या धास्तीने आई भर पावसात छापखान्याकडे धावत सुटते. तो काळ असा होता की एका अक्षराच्या चुकीपायी माणूस आयुष्यातून उठावा. वृद्धपणीच्या आईचे काम खुद्द दिग्दर्शकाच्या आईने केले आहे, आणि वडिलांनी आपल्या कविता स्वतःच्या आवाजात वाचल्या आहेत. जुने घर पडून गेले होते, तर ते त्याच पायावर पुन्हा उभारले. समोर पूर्वी कुट्टूचे शेत असे. येथे आता कुट्टू येणार नाही, असे शेतीवाल्यांनी सांगितले. दिग्दर्शकाने शेत भाड्याने घेऊन पेरणी केली, आणि ते पांढऱ्या फुलांनी भरून गेले.

एवढ्या जिव्हाळ्याने केलेल्या कामाचे स्वागत कसे झाले? सरकारी चित्रपट खात्याने त्याला खालची प्रत दिली, मोजक्याच प्रती काढल्या, मोजक्या थिएटरांत तो लागला. बरोबरीच्या नामवंत दिग्दर्शकांनी चर्चेत ठपका ठेवला की हा चित्रपट थोड्या निवडक लोकांसाठी आहे, सामान्य जनतेला तो समजणार नाही.

मग सामान्य जनतेची पत्रे येऊ लागली. तार्कोव्स्कीने पुढे आपल्या पुस्तकात त्यांतली काही दिली आहेत. एका अभियंता बाईने रागाने कळवले की, अर्थ लावता लावता तिचे डोके दुखू लागले. गोर्की शहरातल्या एका बाईने मात्र आभार मानले. आपले बालपण थेट असेच गेले, ते या माणसाला कसे ठाऊक, याचे तिला नवल वाटले.

भगिनींनो, त्या रागावलेल्या बाईविषयी मला आदर वाटतो. पदरचे पैसे खर्चून ती गेली, शेवटपर्यंत बसली, आणि ‘मला कळले नाही’ असे स्पष्ट म्हणाली. तो तिचा हक्कच होता. परंतु ‘मला कळले नाही’ आणि ‘लोकांना कळणार नाही’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले प्रामाणिक आहे. दुसऱ्यात दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवलेला आहे.

तार्कोव्स्की एक हकीकत सांगत असे. चित्रपट संपल्यावर जाणकारांची चर्चा काही केल्या आटोपेना. झाडलोट करणारी बाई खोळंबली होती. अखेर ती म्हणाली की यात अवघड ते काय आहे? एक माणूस आजारी पडला, मरणाला भ्याला, आणि आपण दुसऱ्यांना दिलेले दुःख आठवून त्याला क्षमा मागावीशी वाटली. झाले! तार्कोव्स्कीच्या मते तिने सारे नेमके सांगितले होते.

तिला ते का कळले असावे? मला वाटते, ती कोडे सोडवायला बसली नव्हती. आपल्या आज्या जात्यावर बसत, तेव्हा एक ओवी माहेरची, दुसरी विठ्ठलाची, तिसरी भावाची, मध्येच मनातला एखादा सल. त्यात गोष्ट कोठे होती? पण ऐकणाऱ्या शेजारणीने ‘याचा अर्थ काय?’ असे कधी विचारले नाही. मन जसे चालते तशी ओवी चालते. हा चित्रपटही तसाच चालतो.

पुढे २०१२ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला, त्यात ‘आरसा’ नववा आला. म्हणून तो आपल्याला आवडलाच पाहिजे असे मुळीच नाही. न आवडला तर तसे खुशाल म्हणावे. माझा आग्रह निराळा आहे. ‘बायकांना यातले काय कळणार?’ हे वाक्य आपण घरात, सभेत, हिशेबाच्या वहीपाशी पुष्कळदा ऐकतो. आणि त्याहून वाईट म्हणजे आपणही एकमेकींविषयी ते म्हणतो. घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईविषयी तर सर्रास म्हणतो.

तेव्हा माझी एक सूचना आहे. येत्या वर्षात मंडळाने असा एखादा अवघड चित्रपट सर्वांनी मिळून पाहावा. नंतर अर्थाचा घोळ न घालता प्रत्येकीने एवढेच सांगावे की कोणते दृश्य पाहून तिला स्वतःचे काय आठवले. आणि सभागृह झाडणाऱ्या बाईंनाही त्या दिवशी आपल्याबरोबर खुर्चीवर बसवावे. त्यांचे म्हणणे कदाचित आपण सर्वांत लक्षपूर्वक ऐकू.