कावीळ : लक्षण आणि रोग

(वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



 घरोघर परिचित असलेली कावीळ हा एकच विषय आज मी घेतला आहे.

कावीळ हा मुळात रोग नव्हे. ते लक्षण होय. रक्तातील जुन्या तांबड्या पेशी मोडल्या म्हणजे बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य निर्माण होते. यकृत ते पित्तावाटे आतड्यात सोडते. पेशी प्रमाणाबाहेर मोडल्या, यकृतास सूज आली किंवा पित्तनलिकेत खडा अडकला, की ते रक्तात साचते व डोळे पिवळे दिसू लागतात. कारणे भिन्न, म्हणून उपायही भिन्न.

असे असता मंत्राने वा माळेने कावीळ उतरते, ही श्रद्धा का टिकली? दूषित अन्नपाण्यातून होणारी ए व ई विषाणूंची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. परंतु सर्वच रोगी त्या बहुतेकांत नसतात.

दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती साथ ई विषाणूची होती, हे पुढे निष्पन्न झाले. या विषाणूचा खरा घाला गर्भवतीवर पडतो. शेवटच्या तीन महिन्यांत तो जडल्यास शंभरांपैकी २० ते २५ स्त्रिया दगावू शकतात. म्हणून गर्भवतीचे डोळे पिवळे दिसताच तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. साथीच्या काळात पाणी उकळूनच प्यावे.

बी विषाणूची गोष्ट निराळी. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतिसमयी मातेकडून बालकाकडे जातो. प्रौढपणी जडला तर बहुतेकांच्या शरीरातून तो निघून जातो; जन्मतः जडला तर शंभरांपैकी सुमारे ९० बालकांत तो ठाण मांडतो आणि पुढे यकृत आक्रसणे वा कर्करोग संभवतो. जन्मानंतर २४ तासांच्या आत दिलेली लस हे संकट बव्हंशी टाळते. आपल्या सुनेच्या प्रसूतीच्या वेळी ही लस दिली गेली की नाही, हे सासूबाईंनी आवर्जून विचारावे.

येथे ज्ञातीपुढे एक नाजूक गोष्ट मांडतो. रक्तात बी विषाणू आढळला म्हणून जुळलेली सोयरीक मोडणे किंवा ती गोष्ट दडवून लग्न उरकणे, हे दोन्ही अन्यायाचेच. एका पंक्तीस जेवल्याने हा विषाणू पसरत नाही. जोडीदाराची तपासणी करून लग्नापूर्वी लस पूर्ण केली, तर संसारास बाध येत नाही. सी विषाणू तर आता बहुधा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी नाहीसा होतो. या दोहोंची तपासणी व उपचार सरकारी रुग्णालयांतून विनामूल्य देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे.

पथ्याविषयी थोडेसे. हळद व तेल वर्ज्य करून रोग्यास केवळ उसाच्या रसावर ठेवू नये. रुचेल तसे घरचे साधे अन्न द्यावे. मद्य मात्र पूर्ण बंद, आणि वैद्यकीय सल्ल्यावाचून गोळी किंवा जडीबुटी देऊ नये. रोगी बरळू लागला, गुंगीत गेला, त्यास रक्तस्राव झाला किंवा मळ पांढुरका होऊन अंगास खाज सुटली, तर विलंब करू नये.

माळ घालण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : ही कावीळ कशाची? त्याचे उत्तर रक्ताच्या तपासणीतून मिळते.