वाळूवरचे घर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. कचेरीतील टिपणे लिहिण्यापलीकडे लेखणीशी आमचा फारसा संबंध नाही, आणि पदवी म्हणाल तर साधी बी. ए. परंतु चिटणीस म्हणाले, "विद्वत्ता नको, अनुभव सांगा. समुद्रकाठी, कलावंतांच्या शेजारी तुम्ही घर बांधलेत, त्याची हकीकत ऐकू द्या." घर बांधलेल्या माणसाला घराविषयी बोलू नका म्हणणे जसे कठीण, तसेच बोला म्हटल्यावर त्याला थांबविणेही कठीण. तेव्हा वेळेचे भान अध्यक्षांनीच ठेवावे.

आम्ही या शहरात आलो ते बदलीच्या हुकमावर. मधली अडीच वर्षे हैदराबादेत गेली, ती सोडल्यास आमचा सारा काळ या तिरुवल्लिकेणीतच, पार्थसारथी मंदिराच्या मागील गल्लीत, भाड्याच्या घरात गेला. 'अल्लिकेणी' म्हणजे कुमुदिनींचे तळे, हे आम्हांला घरमालकांनी पहिल्याच दिवशी सांगितले आणि दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येत नाही हेही सांगितले. पहाटे देवळातील नादस्वर, दुपारी जाम बाजारातील भाजीवाल्यांचा कल्लोळ, संध्याकाळी भारती सालैच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांचे ढीग, आणि 'मॅन्शन' या भारदस्त नावाच्या, एकेका खोलीत तीन-तीन ब्रह्मचारी कोंबलेल्या खाणावळवजा इमारती. या सर्वांत आम्ही रमलो. तथापि रमणे वेगळे आणि राहणे वेगळे. भिंतीत खिळा ठोकतानाही आमच्या सौभाग्यवती म्हणत, "अहो, उगाच कशाला? उद्या बदली झाली तर भोक बुजवून द्यावे लागेल."

मंडळी, परमुलखातील मराठी माणसाचे दोन प्रकार आहेत. एक खिळा न ठोकणारा आणि दुसरा घर बांधणारा. आपण बहुतेक पहिल्या प्रकारातले. दुसरा प्रकार पाहावयाचा तर याच पेठेत तंजावरी मराठी कुटुंबे आहेत. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावरास राज्य स्थापिले. त्या राज्याच्या आश्रयाने दक्षिणेत आलेल्यांचे हे वंशज. पुढे सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. परमुलखात आपली बखर दगडावर लिहिण्याचा विचार परत जाणाऱ्याच्या मनात येत नाही. राज्य गेले, परंतु ज्यांनी घरे बांधली होती त्यांच्या स्वयंपाकघरात मराठी आजही ऐकू येते. ती तमिळ वळणाची आहे, पण आहे. आपल्यापैकी किती जणांची नातवंडे तेवढे म्हणू शकतील, हा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारीत आहोत.

आता त्या कलावंतांच्या वस्तीकडे वळतो. येथून दक्षिणेस १५-१७ किलोमीटरवर, समुद्रालगत इंजम्बाक्कम येथे चोळमंडल कलाग्राम आहे. मद्रासच्या सरकारी कलाविद्यालयाचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर यांनी १९६६ साली आपल्या विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना घेऊन ते वसविले. पणिक्करांपुढील प्रश्न अगदी संसारी होता. उत्तम शिकलेला चित्रकार विद्यालयातून बाहेर पडतो आणि पोटासाठी कुठेतरी नोकरी धरतो. मग त्याची चित्रकला रविवारपुरती उरते, आणि पुढे रविवारीही उरत नाही. यावर उपाय म्हणून या मंडळींनी आपली संस्था काढली, बाटिकची वस्त्रे आणि हस्तकलेच्या वस्तू करून विकल्या, आणि त्या पैशातून सुमारे दहा एकर जमीन घेतली. जमीन कसली, शहराबाहेरची वाळूच ती! जिथे धान्य पिकत नाही आणि धनिक फिरकत नाही अशीच भूमी कलावंताला परवडते. तेथे त्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे घरे बांधली. राहते घर ज्याचे त्याचे, परंतु कार्यशाळा आणि चित्रदालन सर्वांचे. सुलतान अली, जानकीराम, वासुदेव, नंदगोपाळ अशी भारतीय कलेतील मोठी नावे या वाळूशी जोडलेली आहेत. पणिक्कर १९७७ साली गेले. वस्ती मात्र टिकली, आणि २००९ साली तेथे मद्रासच्या कलाचळवळीचे संग्रहालयही उभे राहिले.

काळाचा विनोद असा की, ज्या वाळूला कोणी विचारीत नव्हते तिचा भाव आज 'ग्राउंड'च्या हिशेबाने, म्हणजे २४०० चौरस फुटांच्या हिशेबाने, ऐकताना घाम फुटतो. पूर्व किनारा मार्गावर दुतर्फा बंगले उठले. जाहिरातीत 'कलाग्रामापासून पाच मिनिटे' असे छापतात. चित्रकारांनी उपाशी राहून जागेला जी प्रतिष्ठा दिली, तिची किंमत आता दलाल वसूल करतात. आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, त्या जाहिरातीला भुलून गेलेल्यांत आम्हीही होतो.

जागा पाहिली, आवडली. रस्त्याच्या पश्चिमेस, सुरूच्या झाडांपलीकडे एक ग्राउंड. प्रश्न पैशाचा. केंद्र सरकार गृहबांधणीसाठी अग्रिम देते खरे, परंतु २०१७ च्या नियमांप्रमाणे ते मूळ वेतनाच्या ३४ पट किंवा २५ लाख रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच. उरलेली रक्कम उभी करण्यास आमच्यापाशी एकच मार्ग होता: वाईच्या वडिलोपार्जित घरातील आमचा वाटा. तो धाकट्या बंधूंनी घ्यावा आणि आम्हांला रक्कम द्यावी, असे आम्ही सुचविले. फोनवर बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "दादा, पैशाचं मी बघतो. पण गणपतीला तू आता पाहुणा म्हणून येणार, एवढं लक्षात असू दे." त्यांनी पैसे दिले, कर्ज काढून दिले. त्या वाक्याचे उत्तर मात्र आम्हांला अद्याप सापडलेले नाही.

वास्तुशिल्पकार तरुण आणि हुशार होते. त्यांनी पहिला आराखडा आणला तो पाहून आम्ही दिपून गेलो. पूर्वेकडे छतापर्यंत काचेची भिंत, पोहण्याचा तलाव, चित्रपट पाहण्याची स्वतंत्र खोली. आमच्या सौ.नी सर्व शांतपणे पाहिले आणि विचारले, "पापड कुठे वाळत घालायचे?" आराखड्यात त्याची सोय नव्हती. त्या एका प्रश्नाने आमचे काही लाख रुपये वाचविले, असे आम्ही कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.

पुढच्याच रविवारी आम्ही त्या वास्तुशिल्पकारांना घेऊन कलाग्रामात गेलो. तेथील एका वृद्ध चित्रकारांनी आपले घर दाखविले. घर लहान, परंतु चित्रे काढण्याच्या खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी होती. ते म्हणाले, "उत्तरेचा प्रकाश दिवसभर सारखा राहतो, म्हणून ही खिडकी आधी ठरली. बाकीचे घर तिच्याभोवती बसविले." ऐषारामी घर आणि मनाजोगते घर यांतील भेद आम्हांला त्या खिडकीपाशी उमगला. ऐषाराम दुसऱ्यांच्या घरांत पाहून आणता येतो. मनाजोगते घर हवे असेल तर आपण दिवसभर करतो काय, याचा आधी विचार करावा लागतो.

त्यानंतर आराखडा पालटला. काचेची भिंत गेली, गच्ची आली. वाचनाच्या खोलीला उत्तरेची खिडकी आली. जमिनीला चेट्टिनाडच्या अत्तंगुडी फरश्या घेतल्या. त्या काचेवर ओतून हाताने घडवितात, म्हणून दोन फरश्या तंतोतंत सारख्या निघत नाहीत. दारापुढे ओटा हवा असे आम्ही म्हणालो, तेव्हा मुख्य गवंडी, ज्यांना येथे कोत्तनार म्हणतात, ते हसून म्हणाले, "सार, तिण्णै!" तिरुवल्लिकेणीच्या जुन्या घरांना असते तीच तिण्णै म्हणजे आपला ओटा. वाटसरूने टेकावे, शेजाऱ्याने बोलत बसावे, ही कल्पना दोन्हीकडे एकच. त्या दिवसापासून कोत्तनारांना आमच्या घराविषयी काही समजावून सांगावे लागले नाही.

आता, ज्या कोणाच्या मनात किनाऱ्यावर घर बांधावयाचे असेल, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. पहिली गोष्ट कायद्याची. १९९१ च्या अधिसूचनेपासून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आहेत. नियम पुढे बदलत गेले, म्हणून जागेचा नकाशा स्वतः तपासावा. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी पाहिलेल्या या शहराला त्या निर्बंधांचा अर्थ सांगावयास नको. दुसरी गोष्ट लोखंडाची. समुद्रवाऱ्यातील क्षार काँक्रीटमध्ये शिरतात, सळई गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. म्हणून सळईवरील काँक्रीटचा थर जाड आणि भरीव हवा, आणि बिजागऱ्या शक्य तेथे पितळी. तिसरी पाण्याची. वाळूखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. अधाशीपणे उपसले की खारे वर येते. तेव्हा छतावरचे पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे. तमिळनाडूने ते २००३ साली प्रत्येक इमारतीस सक्तीचे केले, आणि वाळू ते आनंदाने पिते.

चौथी गोष्ट आम्ही ठेच लागून शिकलो. आम्ही कचेरीच्या कामात गुंतलो असता कंत्राटदाराने टँकरचे गोडे पाणी वाचवून गिलाव्यात विहिरीचे मचूळ पाणी वापरले. पहिल्याच ईशान्य मोसमी पावसात दोन खोल्यांच्या भिंतींवर मिठाची पांढरी बुरशी फुलली. कंत्राटदारांनी हात वर केले. गिलावा खरवडून पुन्हा, या वेळी चुन्याचा, करावा लागला आणि मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या रकमेस हात लावावा लागला. बंधूंच्या कर्जाचे हप्ते एकीकडे, आमच्या भिंतीवरचे मीठ दुसरीकडे. त्या महिन्यात आम्ही दोघे फारसे बोललो नाही. सर्व नस्त्या पाहणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःच्या घराची नस्ती न पाहावी, याची लाज आजही वाटते.

गेल्या वर्षी वास्तुशांत झाली. त्यापूर्वी आईने वाईहून एकच प्रश्न विचारला होता, "खाऱ्या वाऱ्यात तुळस जगेल का रे?" पहिली जळाली. दुसरीही जळाली. तिसरी कोत्तनारांच्या सल्ल्याने घराच्या पश्चिमेस, भिंतीच्या आडोशाला लावली आणि ती धरली. आई वीस-बावीस दिवस राहिली. सकाळी ओट्यावर बसून ती भाजीवालीशी मराठीत भांडे, भाजीवाली तमिळमध्ये उत्तर देई, आणि सौदा बरोबर होई.

मंडळाच्या पन्नाशीच्या निमित्ताने एवढेच मागणे. मुंबईत वांद्र्याला मराठी साहित्यिकांनी सहकारी तत्त्वावर 'साहित्य सहवास' उभारला, चोळमंडलात चित्रकारांनी बाटिक विकून वस्ती केली. घर ज्याचे त्याचे असले तरी काही जागा सर्वांची असावी, हा दोन्हींचा धडा आहे. आपले मंडळ ही आपली सामाईक जागा आहे. तिच्या भिंतीत खिळे ठोका. मुलांना येथे नाटक बसवू द्या, आवाज होऊ द्या, डाग पडू द्या. बदलीवर आलेल्या माणसासारखे येथे वागू नका.

गावाशी संबंध तुटला का, असे आम्हांस विचारतात. तुटला नाही, परंतु ताणला आहे, हे खरे. गणपतीला आम्ही वाईला गेलो. बंधूंनी पाहुण्यासारखे ताट मांडले नाही, हे त्यांचे मोठेपण. ते स्वतः मात्र अद्याप इकडे आलेले नाहीत. दिवाळीत येतो म्हणाले आहेत. ओट्यावर दोघांना बसता येईल एवढी जागा आम्ही मुद्दाम मापून घेतली आहे.