लहान महाविद्यालयें आणि मोठी स्पर्धा

अमेरिकेंत मार्च महिना उजाडला, कीं घरोघरीं, कचेऱ्यांत आणि उपाहारगृहांत एकाच विषयाची चर्चा चालू होते. तो विषय म्हणजे महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा. हा खेळ मूळचा पाठशाळेंतलाच. हिंवाळ्यांत तरुणांना छपराखालीं खेळतां यावें म्हणून १८९१ सालीं मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें फळांच्या टोपल्या टांगून तो सुरू केला. १९३९ सालीं पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली, तेव्हां तींत अवघे ८ संघ होते. पुढें ही संख्या वाढत वाढत १९८५ सालीं ६४ व २०११ सालीं ६८ झाली. परंतु वरच्या वर्गांत खेळणारीं महाविद्यालयें साडेतीनशेंहून अधिक आहेत. त्यांपैकीं कांहींचीं क्रीडागृहें वीस हजार प्रेक्षकांचीं, तर कांहींचीं एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेएवढीं. अशा विषम पंक्तींत लहान महाविद्यालयास पान कसें मिळतें, हा प्रश्न कोणासहि पडावा.

आंत जाण्यास दोन दरवाजे आहेत. हीं सर्व महाविद्यालयें निरनिराळ्या मंडळांत विभागलेलीं आहेत. प्रत्येक मंडळाच्या विजेत्यास राष्ट्रीय स्पर्धेंत हक्कानें जागा मिळते. हा पहिला दरवाजा. उरलेल्या जागा एक निवड समिति आपल्या विचारानें भरते, हा दुसरा. २०२५ सालीं ६८ पैकीं ३१ जागा विजेत्यांच्या हक्काच्या होत्या आणि ३७ समितीच्या हातीं होत्या.

दुसरा दरवाजा दिसण्यांत मोठा असला तरी लहानांस तो क्वचितच उघडतो. याचें कारण समितीच्या पक्षपातापेक्षां हिशेबांत अधिक आहे. कोणत्या प्रतीच्या प्रतिस्पर्ध्यास कोठें हरविलें, याला समिति फार महत्त्व देते. २०१८ पासून जी क्रमवारी वापरांत आली, तिच्या हिशेबीं स्वतःच्या अंगणांत पहिल्या तिसांतील संघास हरविणें हा प्रथम प्रतीचा विजय ठरतो. परक्या अंगणांत मात्र पहिल्या पंचाहत्तरांतील संघास हरविलें तरी चालतें. पण असे सामने लहान महाविद्यालयांनीं मिळवावे कोठून? बलाढ्य महाविद्यालय त्यांच्या गांवीं सहसा जात नाहीं. उलट ठराविक रक्कम देऊन त्यांनाच आपल्या गांवीं बोलावतें. लहान महाविद्यालयाचा क्रीडाखर्च त्या रकमेवर चालतो, आणि खजिन्यांत पैसा येतो त्याच रात्रीं पराभवहि पदरीं पडतो.

इंडियाना स्टेटचें उदाहरण बोलकें आहे. २०२४ सालीं या संघानें निवडीच्या दिवसापर्यंत २८ सामने जिंकले होते, केवळ ६ गमावले होते. त्या क्रमवारींत तो पहिल्या तिसांत होता. परंतु आपल्या मंडळाच्या अंतिम सामन्यांत ड्रेककडून तो ८४–८० असा हरला. त्याच आठवड्यांत इतर मंडळांत अनपेक्षित विजेते निघाले, समितीच्या हातच्या जागा तेवढ्या कमी झाल्या, आणि इंडियाना स्टेट बाहेर राहिला.

म्हणून बहुतेक लहान संघांची सारी मदार पहिल्या दरवाजावर असते. पण तोहि वाटतो तितका सरळ नाहीं. मंडळाचा विजेता ठरतो तो हंगामाच्या शेवटीं भरणाऱ्या चार-पांच दिवसांच्या स्पर्धेंत. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत केलेली कमाई एका रात्रींत जाऊं शकते. आयव्ही लीग या जुन्या मंडळानें हंगामभराच्या विजेत्यासच पाठविण्याचा नियम दीर्घकाळ पाळला. शेवटीं २०१७ सालीं त्यानेंहि स्पर्धा सुरू केली.

या व्यवस्थेनें एकाचें नुकसान होतें, तें दुसऱ्याचें भाग्य ठरतें. २०१८ सालीं व्हर्माँट हा आपल्या मंडळांत हंगामभर अग्रेसर होता. अंतिम सामना त्याच्याच क्रीडागृहांत झाला. परंतु मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेच्या संघानें शेवटच्या क्षणीं दुरून चेंडू टोपलींत टाकून ६५–६२ असा विजय मिळविला. त्याच संघानें पुढें अग्रमानांकित व्हर्जिनियास ७४–५४ असें लोळविलें. सोळाव्या मानांकनाच्या संघानें पहिल्या मानांकनास हरविण्याचा पुरुषांच्या स्पर्धेंतील तो पहिलाच प्रसंग.

याहून नवल २०२३ सालीं घडलें. न्यू जर्सीचा फेअर्ले डिकिन्सन हा संघ आदल्या हंगामांत केवळ ४ सामने जिंकलेला. मंडळाच्या अंतिम सामन्यांत तो मेरिमॅककडून ६७–६६ असा हरला. परंतु मेरिमॅक खालच्या वर्गांतून नुकतेंच वर आलेलें महाविद्यालय होतें, आणि तेव्हांच्या नियमाप्रमाणें चार वर्षें पुरीं होईपर्यंत त्यास राष्ट्रीय स्पर्धा बंद होती. त्यामुळें हरलेल्यास जागा मिळाली! देशांतील सर्वांत ठेंगण्या गणल्या गेलेल्या या संघानें पर्ड्यूच्या सव्वासात फुटांहून उंच खेळाडूस चोहोंकडून घेरून ६३–५८ असा सामना जिंकला.

अशा विजयाचें मोल केवळ कीर्तींत संपत नाहीं. स्पर्धेंत खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागें त्या संघाच्या मंडळास पुढील सहा वर्षें उत्पन्नाचा वांटा मिळत राहतो. एका संघाच्या पराक्रमावर त्याच्या शेजाऱ्यांचाहि निर्वाह होतो.

ही व्यवस्था पूर्ण न्याय्य आहे असें कोणी म्हणणार नाहीं. मेरिमॅकचे विजेते खेळाडू घरीं बसले, इंडियाना स्टेटचे २८ विजय अपुरे पडले. तरीहि हक्काच्या जागा नाहींशा करून सर्व निवड समितीवर सोंपविली, तर बाल्टिमोरच्या त्या संघास किंवा फेअर्ले डिकिन्सनला कोणी बोलावलें असतें? कागदावरच्या हिशेबांत दोघांनाहि स्थान नव्हतें. एक दरवाजा हिशेबाबाहेर उघडा राहिला, म्हणूनच मैदानावर त्यांना आपली योग्यता सिद्ध करतां आली.